जोडलेल्या हातांचें गांव

श्रोतेहो, इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, सेनापति, किल्ले आणि तहनामे उभे राहतात. शाळेच्या वर्गांत अडतीस वर्षें मीं मुलांना हेच शिकविलें, व तें आवश्यकहि आहे. परंतु ज्यांनीं कोणतीहि लढाई जिंकली नाहीं, ज्यांच्या नांवें एकहि शिलालेख नाहीं, अशा सामान्य माणसांनाहि इतिहास असतो. तो ग्रंथांत क्वचितच सांपडतो. घराच्या वाशांत, चुलीच्या काजळींत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देण्याघेण्यांत मात्र तो पिढ्यान् पिढ्या जपलेला असतो. असा इतिहास अंगावर वागविणारें जपानांतील एक डोंगरी गांव मला सहकुटुंब पाहावयास मिळालें. त्या गांवाविषयीं आज मी आपल्याशीं बोलणार आहें.

जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या मध्यभागीं हिदा नांवाचा डोंगराळ प्रदेश आहे. आजच्या राज्यव्यवस्थेंत तो गिफु प्रांतांत मोडतो. त्याच्या पश्चिमेस हाकुसान हा पवित्र मानलेला पर्वत उभा असून त्याच्या पायथ्याजवळून शोगावा नांवाची नदी उत्तरेकडे जपानच्या समुद्राकडे वाहत जाते. ‘गावा’ म्हणजे नदीच. या नदीच्या अरुंद खोऱ्याच्या वरच्या भागास शिराकावा-गो म्हणतात, व खालच्या, तोयामा प्रांतांतील भागास गोकायामा म्हणतात. सपाट जमीन अत्यंत थोडी, चोहोंकडे दाट अरण्य, आणि हिंवाळ्यांत समुद्रावरून येणारे ओले वारे डोंगरांना अडून इतकें हिम टाकतात कीं दोन मीटर उंचीचे थर ही तेथें नवलाची गोष्ट नव्हे. २००६ सालच्या फेब्रुवारींत तर ती उंची तीन मीटरांच्या घरांत गेली होती.

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त नागोया शहरीं राहतात. गेल्या शरद् ऋतूंत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों असतां एका रविवारीं चिरंजीव, सूनबाई, नऊ वर्षांची नात आणि आम्ही दोघें असे पांच जण मोटारीनें शिराकावा-गोस निघालों. सकाळीं निघून रात्रीं परत येण्याजोगा हा प्रवास आज झाला आहे, त्याचें कारण २००८ सालीं पुरा झालेला महामार्ग. त्यावर हिदा बोगदा नांवाचा जवळजवळ पावणेअकरा किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. डोंगराच्या पोटांत शिरून दहा-बारा मिनिटांत आम्ही पलीकडे निघालों. जी वाट पूर्वीं हिंवाळ्यांत महिनोन् महिने बंद असे, ती ओलांडण्यास नातीची अर्धी गोष्टहि सांगून झाली नाहीं!

गाड्या नदीच्या अलीकडे उभ्या करून १०७ मीटर लांबीच्या झुलत्या पुलावरून पायीं गांवांत जावें लागतें. या पुलाचें नांव देआइबाशी, म्हणजे भेटीचा पूल. पूर्वीं या खोऱ्यांत नदी ओलांडणें हें मोठें साहस असे. दोन तीरांवर दोर ताणून त्यांना एक करंडा टांगीत व त्यांत बसून मनुष्य पलीकडे ओढून घेत. एकोणिसाव्या शतकांतील प्रसिद्ध चित्रकार हिरोशिगे यानें जपानच्या साठांहून अधिक प्रांतांचीं चित्रें काढिलीं, तेव्हां हिदा प्रांतासाठीं त्यानें हेंच करंड्याचें दृश्य निवडलें. पूल ओलांडला कीं ओगिमाची गांव लागतें. गांवाच्या उत्तरेस एका जुन्या किल्ल्याची टेकडी आहे. आम्ही प्रथम तिच्यावरच चढलों.

तेथून जें दृश्य दिसलें तें एकदां पाहिल्यावर विसरणें शक्य नाहीं. पिकून कापणी झालेल्या भातखाचरांमध्यें गवती छपरांचीं उंच घरें उभीं होतीं, आणि सर्वांचीं तोंडें एकाच दिशेस. जणूं एखाद्या वर्गांतील मुलें प्रार्थनेस उभीं राहिलीं आहेत! या बांधणीस जपानी भाषेंत ‘गाश्शो-झुकुरी’ असें नांव आहे. गाश्शो म्हणजे जोडलेले हात, आपली अंजलि. बौद्ध धर्माबरोबर ही नमस्काराची मुद्रा भारतांतून चीनमार्गें जपानांत गेली, आणि छपराच्या दोन पाख्यांना तेथील लोकांनीं तिचेंच नांव दिलें. या खोऱ्यांतील बहुतेक घराणीं तेराव्या शतकापासून तेथें रुजलेल्या जोदो शिन्शू या बौद्ध पंथाचीं आहेत. त्यांचें उपास्य दैवत अमिदा, म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतील अमिताभ. ओगिमाचींतील म्योझेंजी या मंदिरावरहि गवताचेंच छप्पर आहे, आणि पुजाऱ्याचें निवासस्थानहि गाश्शो पद्धतीचें आहे.

या टेकडीवर उभें असतां मला आणखी एका किल्ल्याची आठवण झाली. सोळाव्या शतकांत या खोऱ्यावर उचिगाशिमा घराण्याची सत्ता होती व थोड्या अंतरावर त्यांचा कायेरिकुमो नांवाचा किल्ला होता. १५८६ सालच्या जानेवारींत मोठा भूकंप झाला, डोंगराचा कडा कोसळला, आणि किल्ला, त्याचे धनी व पायथ्याची वस्ती एका रात्रींत मातीखालीं गाडली गेली. त्यांच्या पुरलेल्या सोन्याच्या दंतकथा लोक आजहि सांगतात. पुढें हा मुलूख कानामोरी सरदारांकडे व १६९२ पासून थेट तोकुगावा शोगुनांकडे गेला. सत्ताधीश आले आणि गेले. शेतकरी मात्र त्याच खोऱ्यांत, त्याच बर्फांत राहिला. तो कसा राहिला, हाच आपल्या विषयाचा गाभा आहे.

प्रथम त्याच्या छपराकडे पाहूं. दोन्ही पाखीं जवळजवळ साठ अंशांच्या उताराचीं असतात, त्यामुळें बर्फ फार सांचून राहत नाहीं. घरांचीं त्रिकोणी तोंडें उत्तरेस व दक्षिणेस असतात, कारण वारा खोऱ्याच्या लांबीनें वाहतो. तो रुंद पाख्यांवर न आपटतां अरुंद बाजूवर येतो, व माळ्यांच्या खिडक्या उघडल्या म्हणजे आरपार खेळतो. शिवाय एक पाखें पूर्वेस व दुसरें पश्चिमेस आल्यानें सकाळचें व दुपारचें ऊन दोघांसहि मिळून बर्फ वितळतें आणि गवत वाळतें. खालचा सांगाडा सुतारांनीं करावयाचा. हिदाचे सुतार आठव्या शतकापासून नांवाजलेले होते. त्या प्रांतास करांच्या मोबदल्यांत राजधानीस सुतार पाठविण्याची मुभाच कायद्यानें दिलेली होती. परंतु वरचें छप्पर हें गांवकऱ्यांचें काम. त्यांत लोखंडी खिळा नाहीं. लांकडें गवती दोरांनीं आणि नेसो नांवाच्या ओल्या फांद्यांनीं आवळतात. फांदी पिळून बांधली कीं वाळतांना ती अधिकच घट्ट बसते. मोठ्या वाशांचीं खालचीं टोंकें पेन्सिलीसारखीं तासून तुळईच्या खांचेंत नुसतीं टेकविलेलीं असतात. वारा सुटला, धरणी हालली, तर छप्पर थोडें डोलतें, पण मोडत नाहीं.

१९३५ सालीं ब्रूनो टाउट हा जर्मन वास्तुशास्त्रज्ञ येथें आला. हिटलरशाहीमुळें स्वदेश सोडून तो दोन वर्षांपूर्वीं जपानांत आला होता. हीं शेतकऱ्यांचीं घरें पाहून त्यानें त्यांच्या तर्कशुद्ध रचनेची मुक्तकंठानें प्रशंसा केली. ज्या घरांना स्वतः जपानी सुशिक्षित लोक मागासलेलीं समजत असत, त्यांकडे जगाचें लक्ष प्रथम या परक्या माणसानें वेधलें. आपल्या घरची वस्तु परक्यानें वाखाणल्यावर आपल्याला दिसूं लागते, हा अनुभव आपणांसहि नवा नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. हें गवताचें छप्पर तीस-चाळीस वर्षांनीं नवें करावें लागतें. चुलीचा धूर नित्य असे तेव्हां तें याहूनहि अधिक टिके. एका मोठ्या घराचें एक पाखें शाकारावयाचें म्हणजे शेंकडों भारे गवत आणि शंभर ते दोनशें माणसें लागतात, आणि पावसाची धास्ती असल्यानें काम शक्य तों एका दिवसांत उरकावें लागतें. कोणत्याहि एका कुटुंबास हें साधणें अशक्य. मजूर लावावे तर पैसा कोठें होता? म्हणून या लोकांनीं ‘युइ’ नांवाची व्यवस्था निर्माण केली. आज साऱ्या गांवानें माझ्या छपरावर चढावयाचें; उद्यां तुमच्या छपरावर मीं चढावयाचें. शेतावर एकमेकांचीं कामें अशींच फेडण्याची आपल्याकडील सावड आणि नांगरटीच्या दिवसांतील इर्जिक ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना युइ समजावून सांगावयास नको.

परंतु सावड एका हंगामांत फिटते. युइ फिटण्यास एक पिढी लागते. बापाच्या छपरास ज्यांनीं हात लाविला, त्यांच्या मुलांच्या छपरावर या बापाचा मुलगा चढतो. म्हणून कोणत्या घरानें किती गवत आणलें, किती दोर दिला, किती दिवस श्रम केले, याच्या वह्या घराघरांत जपून ठेवीत. मला त्या वह्यांचें फार कौतुक वाटतें. आपल्याकडे खतावणी असते ती सावकाराची. येथें खतावणी आहे ती उपकारांची. तिच्यांत व्याज नाहीं, जप्ती नाहीं, पण ती चुकवितांहि येत नाहीं. कारण जो आज आला नाहीं त्याच्या छपरावर पुढें कोणी येणार नाहीं, आणि छपरावांचून त्या बर्फांत एक हिंवाळाहि निघावयाचा नाहीं.

शाकारणीच्या दिवशीं पुरुष पाख्यावर रांगेनें उभे राहतात, स्त्रिया भारे पोहोंचवितात व साऱ्यांचें जेवण रांधतात. छपराच्या आंत एक जण व बाहेर एक जण राहून लांब सुईनें दोर ओंवतात. सायंकाळीं काम संपलें कीं मेजवानी होते. २००१ सालीं ओगिमाचींतील नागासे घराण्याच्या मोठ्या घराचें छप्पर सुमारें ८० वर्षांनीं नवें करण्यांत आलें, तेव्हां बाहेरगांवचे स्वयंसेवक धरून सुमारें ५०० लोक त्या कामीं लागले होते. हल्लीं पुष्कळ घरांचीं छपरें धंदेवाईक कारागीर शाकारतात व खर्चाचा मोठा भाग सरकार उचलतें, हें खरें. तथापि युइची आठवण व थोडाबहुत आचार अजून जिवंत आहे.

आम्ही वादा घराण्याचें घर आंतून पाहिलें. गांवांतील हें सर्वांत मोठें घर. हें घराणें पूर्वीं गांवचें मुख्य होतें. मधल्या दालनांत जमिनींत खणलेली चौकोनी चूल असते. धूर निघून जाण्यास धुराडें नाहीं. तो वर चढून माळ्यांतून जातो, आणि लांकूड व दोर यांवर काजळीचा लेप चढवून त्यांना किडीपासून राखतो. शिडीनें आम्ही वर गेलों. माळ्यावर माळा, असे मजले छपराच्या पोटांत बसविलेले आहेत. तेथें माणसें राहत नसत. तेथें रेशमाचे किडे राहत. मजल्याच्या फळ्यांमध्यें फटी सोडलेल्या असत, म्हणजे चुलीची ऊब वरपर्यंत पोहोंचे. भातशेती तुटपुंजी असल्यानें रेशीम हेंच या खोऱ्याचें रोख उत्पन्न होतें. छपरें इतकीं उंच झालीं तीं शोभेसाठीं नव्हेत. रेशमाला जागा हवी होती म्हणून.

आणि घराच्या जमिनीखालीं काय चाले, तें ऐकाल तर आश्चर्य कराल. चुलीजवळ खड्डे खणून त्यांत माती, वाळलेलें रानगवत, रेशमाच्या किड्यांची विष्ठा इत्यादि पदार्थांचे थर घालीत आणि चार-पांच वर्षें ते कुजवीत. त्या मातींतून पाण्यानें सोरा काढून तो आटवीत. बंदुकीच्या दारूचा हाच मुख्य घटक. गोकायामा हा मुलूख कागा संस्थानच्या मायेदा सरदारांच्या ताब्यांत होता. तो दुर्गम असल्यानें सोऱ्याचें गुपित राखण्यास सोयीचा, म्हणून त्यांनीं या धंद्यास आश्रय दिला. ज्या डोंगरांत अपराध्यांना हद्दपार करून पाठवीत, त्याच डोंगरांतून कानाझावाच्या कोठारांत सोरा जाई. शिराकावा-गोंतहि हा धंदा होता, आणि वादा घराण्याची संपत्ति त्यावरच वाढली. मेइजी राजवटींत परदेशचा स्वस्त सोरा आला व हा धंदा बसला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रेशमाचीहि तीच गत झाली. खालीं सोरा, मध्यें माणसें, वर रेशीम: असें हें घर म्हणजे एक लहानसा कारखानाच होता, आणि एकामागून एक त्याचे दोन्ही धंदे गेले.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुन्या खेड्यांचें वर्णन करतांना सारेंच गोड करून सांगण्याची आपल्याला संवय असते. या खोऱ्याच्या दक्षिणेकडील कांहीं वाड्यांत वीस-तीस, क्वचित् चाळीसांहून अधिक माणसें एका छपराखालीं राहत. मिबोरो येथील तोयामा घराण्याचें घर याविषयीं प्रसिद्ध आहे. जमीन वांटली तर कोणाचेंच पोट भरणार नाहीं, म्हणून रीतसर विवाह वडील मुलाचाच होई. धाकटे भाऊ आपल्या प्रिय स्त्रीच्या घरीं रात्रीं जात व सकाळीं कामास परत येत. मुलें आईच्या घरीं वाढत. धाकट्यांच्या वांट्यास जन्मभर दुसऱ्याच्या घरचे श्रमच येत. आपल्याकडील एकत्र कुटुंबांतील धाकट्या जावेस विचारा, ती याचा अर्थ पुस्तकापेक्षां अधिक चांगला सांगेल. असे हे जोडलेले हात कष्टानें व कांहीं अंशीं अन्यायानेंहि जोडलेले होते. ते प्रेमानेंच जोडले गेले होते असें समजूं नये.

मग धंदे गेले, कुटुंबें विभागलीं, आणि त्यावर एक मोठा घाला आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानास विजेची भूक लागली, आणि शोगावाचें पाणी सरकारच्या डोळ्यांत भरलें. मिबोरो येथें १३१ मीटर उंचीचें दगडमातीचें धरण बांधण्याचें ठरलें. खालीं जाणाऱ्या गांवांनीं प्राणपणानें विरोध करण्यासाठीं संघ स्थापिला. कांहीं वर्षें झुंज चालली. १९५९ सालीं तो संघ विसर्जित झाला. १९६१ सालीं धरण पुरें झालें. घरें, देवळें, शेतें पाण्याखालीं गेलीं. मुळशीच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पाठीशीं उभें राहून जो सत्याग्रह केला, त्याची कथा ज्यांनीं वाचली आहे, त्यांना या दुःखाचें वेगळें वर्णन करावयास नको.

परततांना आम्ही महामार्ग सोडून मुद्दाम या तलावाच्या कांठचा जुना रस्ता धरला. वाटेंत दोन प्रचंड चेरीचीं झाडें लागतात. तीं पूर्वीं खालच्या दोन मंदिरांच्या आवारांत होतीं. विरोधी संघाच्या विसर्जनास वीज कंपनीचे पहिले अध्यक्ष ताकासाकि तात्सुनोसुके स्वतः गेले होते. तेथें हीं झाडें पाहून निदान यांना तरी वांचवावें असें त्यांच्या मनानें घेतलें. झाडें चारशें वर्षांचीं, वजन प्रत्येकीं चाळीस टनांच्या आसपास. जाणत्यांनींहि आशा सोडली होती. १९६० सालीं तीं मुळांसकट उचलून वर आणून लाविलीं, आणि तीं जगलीं. पुढें बहर आला तेव्हां विस्थापित गांवकरी त्यांच्याखालीं जमले, खोडांना हात लावून रडले. आम्ही गेलों तेव्हां फुलांचे दिवस नव्हते. पानें लाल-पिवळीं झालीं होतीं. मोठ्या टेकूंवर फांद्या टाकून हे दोन वृद्ध आपल्या बुडालेल्या गांवाकडे पाहत उभे होते. दोन झाडें वांचलीं, ही गोष्ट सुंदर आहे; पण गांव वांचलें नाहीं, हेंहि त्याच कांठावर उभें राहून लक्षांत ठेवावें लागतें.

धरणाखालीं न गेलेलीं गांवेंहि ओस पडूं लागलीं. तरुण शहरांत गेले. जुनीं घरें विकलीं गेलीं, आणि त्यांचे वासे दूरच्या शहरांत उपाहारगृहांच्या शोभेसाठीं गेले. कांहीं आगींत जळालीं. शिराकावांत १९२४ सालीं सुमारें ३०० गाश्शो घरें होतीं. १९६१ सालीं १९० राहिलीं. १९६७ सालीं काझुरा नांवाच्या वाडीचे सारे लोक एकदम गांव सोडून गेले. त्यांचीं आणि इतर वाड्यांचीं कांहीं घरें ओगिमाचींत आणून उभीं केलीं आहेत. तीं आम्ही पाहिलीं. सर्व नीटनेटकें, झाडलेलें, पण चुलीजवळ बसणारें कोणी नाहीं.

अशा वेळीं १९७१ सालीं ओगिमाचीच्या रहिवाशांनीं एकत्र बसून आपल्या गांवाच्या रक्षणासाठीं एक संघ स्थापिला व तीन नियम केले: विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें नाहीं, मोडावयाचें नाहीं. श्रोतेहो, हे तीन नियम ऐकावयास सोपे वाटतात. पण ज्या मनुष्याचें रेशीम बसलें आहे, ज्याचा मुलगा शहरांत आहे, ज्याच्या घराला गिऱ्हाईक हातांत रोकड घेऊन दारांत उभें आहे, त्यानें शेजाऱ्याकडे पाहून ‘नाहीं’ म्हणावयाचें, हें सोपें नाहीं. युइची वही चालविण्याची ज्यांना संवय होती, त्यांनाच तें साधलें असें मला वाटतें. कायदा नंतर आला. १९७६ सालीं राष्ट्रीय सरकारनें गांवास संरक्षण दिलें. १९९५ सालीं ओगिमाची आणि गोकायामांतील आइनोकुरा व सुगानुमा या तीन गांवांचा युनेस्कोनें जागतिक वारशांत समावेश केला. सरकार आणि युनेस्को यांना रक्षण करण्यास कांहीं उरलें होतें, याचें श्रेय १९७१ च्या त्या बैठकीस आहे.

आज त्या गांवापुढें निराळाच प्रश्न उभा आहे. साऱ्या शिराकावा गांवाची वस्ती सुमारें दीड हजार. आणि २०१९ या एका वर्षांत तेथें आलेल्या पाहुण्यांची संख्या १७ लाखांहून अधिक. त्या पाहुण्यांतलेच आम्हीहि. दुपारीं एका घराच्या अंगणांत एक वृद्ध बाई निवडलेली भाजी वाळत घालीत होती, आणि दहा-पंधरा माणसें कुंपणाशीं उभीं राहून तिचीं छायाचित्रें घेत होतीं. माझ्या नातीनें हळूच विचारलें, “आजोबा, या आजींकडे रोज असेंच सगळे बघत असतात का?” सूनबाईंनीं तिला हाताला धरून पुढें नेलें. पण प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. जें गांव बर्फाला, भूकंपाला, सरदारांना आणि धरणाच्या काळालाहि पुरून उरलें, तें आमच्यासारख्यांच्या कौतुकाला पुरून उरेल काय?

गांवकरी त्यावर आपल्यापरीनें उपाय करीत आहेत. हिंवाळ्यांतील दीपोत्सवाच्या रात्रीं पूर्वीं अतोनात गर्दी होई. २०१९ पासून आगाऊ नोंदणी केल्यावांचून त्या सोहळ्यास प्रवेश मिळत नाहीं. गवती छपरांना आगीचें भय सर्वांत मोठें. म्हणून गांवांत ५९ ठिकाणीं पाण्याचे मोठे फवारे बसविले आहेत, आणि दर वर्षीं शरद् ऋतूंत ते एकदम सोडून परीक्षा घेतात. सारें गांव पाण्याच्या पडद्याआड जातें, असें म्हणतात. पण यंत्रावरच त्यांचा भरंवसा नाहीं. पाळीपाळीनें घरोघरचीं माणसें लांकडी टिपऱ्या वाजवीत आग सांभाळा म्हणून सांगत गांवांतून फिरतात. हीहि युइच आहे. फक्त छपरावर चढण्याऐवजीं छपराखालून चालण्याची.

पाहण्यासारखें गांव आणि राहण्यासारखें गांव यांत अंतर आहे. गांव नुसतें पाहण्यासारखें करावयाचें असेल तर पैसा आणि कारागीर पुरतात. राहण्यासारखें ठेवावयास शेजारी लागतो. ओगिमाचीचें छप्पर दर पिढीस नवें होतें. गवत नवें, दोर नवा, नेसो नवी. वासे जुने राहतात, तेहि कधीं तरी बदलतात. मग इतकीं वर्षें टिकलें तें काय? टिकली ती वहीची शिस्त: कोण आलें होतें, कोणाकडे जावयाचें आहे, हें न विसरण्याची. ती वही चालू आहे तोंवर लाखों पाहुणे येवोत, तें गांव गांवच राहील. ती मिटली, कीं तीं घरें उभीं असूनहि काझुराच्या रिकाम्या चुलींसारखीं होतील.

आपल्या महाराष्ट्रांतहि कोंकणापासून मावळापर्यंत अशीं छपरें होतीं, पावसाळ्याआधीं शाकारणी होती, सावड होती. कौलें आलीं, पत्रे आले, गच्च्या आल्या. तें योग्यच झालें, कारण गळक्या छपराखालीं कोणी आनंदानें राहत नाहीं. परंतु छपराबरोबर शेजाऱ्याची वहीहि आपण अडगळींत टाकली काय, याचा प्रत्येकानें आपापल्या घरीं विचार करावा. आपल्या घरांत कोणी वडीलधारें असतील तर त्यांना आज रात्रीं एवढेंच विचारा, कीं आपलें घर बांधलें तेव्हां कोण कोण मदतीस आलें होतें. जीं नांवें ते सांगतील, तीं लिहून ठेवा. तोहि इतिहासच आहे.